जाऊबाईंची लाथ

जाऊबाईंनी मानेवर लाथ मारली आणि माझा उजवा हातच उचलेना. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा, ही आमची रीत, आणि जाऊबाई पायाळू, पायाकडून जन्मलेल्या. महिन्याची लेक भुकेने रडत होती, तिला पदराखाली घेता येईना. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, नवऱ्याची बदली झाली, सरकारी घर सोडायचं होतं. ट्रंका उचलून मान आखडली होती.

नवऱ्याने आबिड्सच्या बाजारात मान चोळणाऱ्या चिनी म्हातारीकडे नेलं. तिने खांद्यात अंगठा रुतवला. "रो नक्को अम्मा, सांस लेओ." खोलीभर कापराचा वास होता. तासाभराने मी लेकीला पाजलं.

जाऊबाई पुढे जन्मभर माझ्यासमोर पाय पसरून बसल्या नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग होता, आता वाईट वाटतं.

आज बामाला तोच वास आला. सगळे गेले. मी आहे, आणि बाम चोळणारी ती लेक.