साबुदाणा आणि अठ्ठ्याऐंशी किलो

कॅल्गरीत तेलकंपनीच्या ऑफिसात दिवसभर ड्रॉइंग्ज तपासणारा जनार्दन शेळके मूळचा तासगावकडचा पैलवान. थोरले भाऊ यादवराव यांनी त्याला लहानपणीच तालमीत घातलं. पुढे इंजिनिअरिंग, लग्न, कॅनडा. लंगोट वीस वर्षं पेटीत. मग लेक ईशिता शाळेत कुस्ती खेळायला लागली. तिला सोडायला गेलेला हा गडी तिथल्या मॅटवर उतरला तो उतरलाच. बेचाळिशीत! तीन वर्षं हौशी स्पर्धांत उतरतोय, पण मारलेली कुस्ती एकही नाही. यंदा एक तरी मारतोच, असं त्यानं यादवरावांना फोनवर सांगून टाकलं होतं.

वजनगट अठ्ठ्याऐंशी किलोचा. गुरुवारी काटा चारशे ग्रॅम वर.

"उद्या एकादशी आहे," तो बायकोला, प्रमोदिनीला म्हणाला. "उपासानं आपोआप उतरेल."

देवाचा उपास तो मनापासून करतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी तुपातल्या रताळ्याच्या गोड चकत्या. शनिवारी स्पर्धेच्या काट्यावर उभा राहिला, तर सहाशे ग्रॅम वर!

"बाबा, दॅट वॉजन्ट अ फास्ट, दॅट वॉज अ बुफे!" ईशिता म्हणाली.

"देवाच्या उपासाला नावं ठेवू नकोस."

"उपासाला कोण ठेवतंय?" प्रमोदिनी म्हणाली. "आमटी तीनदा कुणी वाढून घेतली?"

वजनं बंद व्हायला तास होता. बाहेर पार्किंगमध्ये घोटाभर बर्फ. जनार्दननं दोन जाकिटं चढवली, केअरटेकरकडून फावडं मागून घेतलं आणि शोव्हल करत सुटला. अंगातून वाफा निघायला लागल्या. केअरटेकर बापडा "थँक यू, सर!" म्हणत बघत राहिला. प्रमोदिनी गाडीत बसून जप करत होती.

पाच मिनिटं उरली असताना काटा बरोबर अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

पहिली कुस्ती लेथब्रिजच्या एका दणकट शेतकऱ्याशी. जनार्दननं एकेरी पट काढला, त्याला खाली घेतलं आणि दोन्ही खांदे मॅटला लावले. चीतपट! ईशिता बाकावर उभी राहून शिट्ट्या मारत होती. प्रमोदिनीनं जागच्या जागी हात जोडले.

दुसऱ्या कुस्तीत एका फायरफायटरनं त्याला चाळीस सेकंदांत आडवं केलं. पण जनार्दन हसतच उठला. घामेजल्या अंगानं त्यानं गावी फोन लावला आणि पहिली कुस्ती डाव न् डाव रंगवून सांगितली.

"शाब्बास रे वाघा!" यादवराव म्हणाले. "आणि पुढची?"

"हॅलो? दादा, आवाज तुटतोय," म्हणत त्यानं फोन ठेवून दिला.