तळ्यातला चेंडू

यंदा तळं पुन्हा आटलं आणि वाऱ्यावर वाळक्या गाळाचा तोच वास आला. आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षीही असाच दुष्काळ होता. मैदानात घोटाभर फुफाटा, शिंपडायला पाणी नाही, म्हणून आम्ही बास्केटबॉलचा खांब तळ्यात नेऊन रोवला. तळ फरशीसारखा टणक झाला होता. चेंडू आपटला की एक टप्पा वर ऐकू यायचा आणि जरा थांबून दुसरा जमिनीखालून. आमच्या खेळाच्या सरांना तो दुसरा टप्पा कधीच ऐकू आला नाही. कप्तान म्हणायचा, "खाली बी कुणीतरी खेळतंय गड्या." त्या साली आम्ही एकही सामना हरलो नाही. अंतिम सामना लांब शहरात होता, तिथल्या सिमेंटखालूनही तो टप्पा आम्हा पाचजणांना साथ देत राहिला. मग पाऊस झाला, तळं भरलं, खांब बुडाला. जिंकलेली ढाल घेऊन आम्ही संध्याकाळी बांधावर गेलो. चेंडू कुणाकडंच नव्हता, तरी पाण्याखालून एक टप्पा आला आणि थांबला. कप्तान पुटपुटला, "आता आपली वाट बघत्यात." आम्ही माघारी पळालो. यंदा तळ उघडा पडलाय, तर खांब अजून उभा आहे म्हणतात, आणि त्याच्यापुढची जमीन रोज कुणी खेळावं तशी तुळतुळीत. मी बघायला गेलेलो नाही.