भांडं रिकामं द्यायचं नाही

शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत ज्यानं काढली त्याला मला एकदा भेटायचं आहे. त्याच्या घरचे डबे दाण्यांनी भरलेले असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

वाशीमकडच्या मालेगावच्या बाहेर, वाशीम रोडला लागून नवं लेआउट, म्हणजे प्लॉटांची वस्ती, पडलं होतं, तिथे आम्ही भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रे. नवरा शेलूबाजारच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवायचा. लॉकडाऊन लागलं, जीप मालकाच्या अंगणात उभी राहिली आणि आमची मिळकत तिथेच थांबली. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि सासू. सासू केनवडच्या, शेतीवाल्या घरच्या. शेत थोरल्या मुलाच्या ताब्यात, आणि त्याच्याशी भांडून त्या आमच्याकडे आलेल्या. सातबाऱ्यावर नवऱ्याचंही नाव म्हणून रेशनच्या दुकानात आमच्या कार्डावर काही येत नव्हतं, आणि थोरल्याकडे दाणा मागायचा नाही ही सासूची आण. म्हणजे कागदावर आम्ही जमीनवाले आणि डब्यात पीठ नाही. आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

भिंतीपलीकडे काकू राहायच्या. घरामागे त्यांची भाजीपाल्याची वाडी होती. बाजार बंद, त्यामुळे वांगी, पालक, भेंडी, सगळं वाडीतच सडत होतं. आमच्या घरातून फोडणीचा वास येईनासा झाला, हे त्यांच्या नाकाला कळलं असणार. एक दिवस त्यांनी भिंतीवरून वांग्याच्या भाजीनं भरलेला गंज पुढे केला. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.

"लय झाली वो भाजी," काकू म्हणाल्या. "फेकाले जीवावर येते."

मुलीनं त्या दिवशी बोटं चाटून खाल्लं. मी गंज घासला आणि परत द्यायला निघाले, तर सासूनं हात धरला.

"रिकामाच देतं काय? कोन्या घरची रीत हाये हे?"

त्यांनी डबा उघडला आणि राहिलेली साखर कागदात बांधून गंजात ठेवली.

"आई, पोरीच्या चाहाले लागन ना."

"गुळाचा कर. मले तं शुगर हाये, मले कायले लागते साखर?"

गूळ तरी कुठे होता घरात. पण सासूशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. गंज गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, पालकाची भाजी घेऊन. आणि पुन्हा काहीतरी घेऊन गेला.

अशात कळलं की शाळेत धान्याच्या पिशव्या वाटणार आहेत. मी कोणाला न विचारता पदर डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहिले. तांदूळ, तूरडाळ, थोडं पीठ, तेलाची पिशवी. देणाऱ्यानं पिशवी माझ्या हातात ठेवली पण सोडली नाही. "ताई, इकडे पाहा," म्हणाला. पाहिलं. फोटो निघाला तेव्हा कुठे त्यानं हात काढला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण पिशवी घट्ट धरून घरी आले.

संध्याकाळपर्यंत तो फोटो मोबाइलवरून केनवडला पोचला. थोरल्याचा फोन आला. सासू फोन लांब धरून बोलायच्या, म्हणून मलाही ऐकू आलं.

"काहून वो माय, आता भीक मांगून राह्यले काय तुमी लोकं?"

सासूनं फोन ठेवला. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. त्या दिवसापासून त्यांची भूक मेली. ताट वाढलं की म्हणायच्या, "मले नाई भूक," आणि भाकरीचा चतकोर मोडून उरलेली मुलीच्या ताटात सरकवायच्या. आणि काकूंचा गंज आला की तो रिकामा जाऊ द्यायच्या नाहीत. आता तर जास्तच. शाळेतल्या पिशवीतली डाळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यांनी गंजात ठेवली, तेव्हा माझा तोल सुटला.

"आई, पोरीच्या तोंडातला घास काढून लोकाइले काय वाटून राह्यल्या तुमी?"

"पोरीचं नाई देत," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या वाटचं देते."

ते खरं होतं, हीच तर आग होती. आमच्या तिघांचं त्या बाजूला काढायच्या आणि आपला वाटा पुरचुंडीत बांधायच्या. शुगरची गोळी मात्र चुकवायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ गोळी, वर तांब्याभर पाणी. मी नवऱ्याला म्हटलं, तुमची आई उपाशी मरेल अशानं. त्यानं समजावलं, रागावला, एकदा पाया पडला. सासू म्हणाल्या, "गावभर फोटो फिरला आपला. भिताडापलीकडं तरी मान राहू दे."

काकूंनाच सांगावं, भाजी पाठवू नका, असं कितीदा ओठावर आलं. पण भाजी बंद झाली असती तर मुलगी काय खाणार होती? आणि खरं कारण सांगावं तर सासूची उरलीसुरली अब्रू मीच भिंतीवर टांगल्यासारखं झालं असतं. म्हणून मी दात-ओठ खात गंज घासत राहिले.

एका संध्याकाळी सासूचे हात कापायला लागले. घाम सुटला, जीभ जड झाली. उन्हामुळे असेल म्हणून मी पाणी दिलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. त्या झोपल्या. सकाळी हलवलं तर उठेनात. नवरा धावत जीपमालकाकडे गेला, हातापाया पडून जीप काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवल्या होत्या का?" चतकोर भाकरी आणि गोळी, मी सांगितलं. गोळी घेतली आणि पोटात अन्न नाही, त्यानं अंगातली साखर पार उतरते, असं त्यांनी सांगितलं. "हात कापत होते तेव्हाच चमचाभर साखर तोंडात टाकायची होती."

चमचाभर साखर. दुपारी सासू गेल्या.

आमच्याकडे मातीच्या घरी, म्हणजे मयत झालेल्या घरी, चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे डबे आणतात. आणि सुतकाच्या घरातून भांडं रिकामंच परत जातं, त्यात काही घालायचं नसतं. साऱ्या लेआउटनं आम्हाला जेवू घातलं. भाकरी, वरण, बेसन, कोणी खिचडी. तेरवीपर्यंत आम्ही पोटभर जेवलो. मुलीच्या गालावर जरा मांस आलं. मी घास गिळायची आणि मनात म्हणायची, बाप्पा, असं पोटभर मिळायला या घरात कोणी मरावंच लागत होतं.

तेरवी झाल्यावर काकू आल्या. पहिल्यांदाच भिंतीवरून नाही, दारातून. हातात पत्र्याचा डबा होता. माझ्यापुढे ठेवला आणि खाली बसल्या.

"तुह्या सासूबाईनं दिलेलं हाये हे सारं," त्या म्हणाल्या. "एक दाना आमी खाल्ला नाई. तुमच्या घरी काय हाये अन् काय नाई, मले माहीत होतं वो. पन वापस कसं देऊ? त्याइनं मानानं देल्लं. वापस केलं असतं तं त्याइचा जीव गेला असता लाजेनं."

मी झाकण काढलं. वर डाळीच्या पुरचुंड्या. त्याखाली तांदूळ, मूठभर ज्वारी, मीठसुद्धा. सासूची गाठ मी ओळखते, दुहेरी मारायच्या. एकही गाठ सुटलेली नव्हती. आणि तळाशी तो कागद, साखरेचा.

डबा काकूंच्या अंगावर फेकावा असं वाटलं. त्यांचे पाय धरावे असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता, सासूचाही येत होता, आणि मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून अजूनच येत होता.

त्या गेल्यावर मी डाळ सुपात घेतली. किडे झाले होते. पाखडून, निवडून उन्हात टाकली. फेकायची ऐपत नव्हती आमची. मुलगी चहा मागत होती, तिच्या कपात त्या कागदातली साखर घातली. "गोड झाला," ती म्हणाली आणि अजून मागितला.

मग मी काकूंचा डबा राखेनं घासला, पुसला, आणि दिवस मावळायच्या आत भिंतीवर नेऊन ठेवला. रिकामा.