शकुबाईंचं मंडईतलं गाणं

रविवार, १५ नोव्हेंबर १९५३. सकाळी दाट धुकं. धानाची कापणी अर्धी उरली. गाईनं दूध कमी दिलं. मंडईच्या जत्रेत गाण्यासाठी शकुबाई दुपारी छकड्यातून आल्या. मुक्काम आपल्याकडेच.

घरधनीण इंदुताईंनी एवढं लिहून रोजनिशीची वही मिटली, तेव्हा शकुबाई ओसरीत पान लावत होत्या. चांदा जिल्ह्यात त्यांना न ओळखणारा माणूस विरळाच. बाप दंडारीच्या खेळात नाचायचा. पोरीचा गळा त्यानं नागपूरला नेला. लढाई लागली आणि पलटणींसमोर गाणाऱ्या पार्टीत त्या थेट कोहिमाला पोचल्या. लष्करी ट्रकच्या फळीवर उभ्या राहून गायच्या. ‘पाऊल मागं नको, गड्या’ या गाण्याची तबकडी तर नागपूरपासून सिरोंचापर्यंत हॉटेला-हॉटेलात झिजली. कोहिमातच एक धडा त्यांच्या हाडीमाशी खिळला होता: बॉम्ब पडला तर थांबायचं नाही, सूर चढवायचा. गाणारी थांबली की माणसं सैरावैरा पळतात.

त्यांचा ढोलकीवाला लटारू तेव्हाही सोबत होता. आता त्याच्याशिवाय त्यांना जगात कोणी नव्हतं.

मंडईत पहिल्या गाण्याआधी ढोलकीला नारळ लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या गावच्या जमीनदाराचा, मालगुजाराचा. मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती. यंदा मालगुजाराचा पुतण्या दादाजी नारळ घेऊन आला, तसा नवा सरपंच मुखरूही आला. दोघांच्या मागं लाठ्या.

लटारूनं दोन्ही नारळ घेतले, एकाच पिशवीत टाकले आणि हसला. “भांडता काऊन, भाऊ? एकाची चटनी करू, एकाची खीर!”

लोक खदखदून हसले. तेच नडलं.

“आमचा नारळ त्याच्यासंगं?” म्हणत दादाजीनं लाठी हाणली. ढोलकीचं कातडं फाटलं. दुसरी लाठी लटारूच्या खांद्यावर बसली. तो कोसळला तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांवर तुटून पडली.

शकुबाईंना कोहिमा आठवलं. त्यांनी सूर चढवला.

“पाऊल मागं नको, गड्या...”

गर्दीत लढाईवरून परतलेले शिपाई दोन्ही बाजूंना होते. ते गाणं त्यांच्या रक्तात भिनलेलं. मागं सरू लागलेले पाय जागीच वळले. कुऱ्हाडी निघाल्या. मुखरूच्या भावाचं डोकं फुटलं आणि तो हरभऱ्याच्या पाटीवर पडला, पुन्हा उठला नाही. एकाची बोटं मातीत पडली. कोहिमात वैरी डोंगरापलीकडे होता. इथं गाणं ऐकणारेच एकमेकांचे वैरी. हे शकुबाईंना दुसऱ्या कडव्यात उमगलं. त्या गायच्या थांबल्या. पण आता ऐकतं कोण?

लटारू पायांखाली तुडवला जात होता. त्याच्या डोक्यावर दादाजीची लाठी उगारलेली.

“बाई, इथी येऊ नोका!” तो ओरडला.

त्या धावल्या, त्याच्यावर आडव्या पडल्या आणि लाठी जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. तोंडातून रक्त आणि दोन दात लटारूच्या छातीवर सांडले.

दादाजीच्या हातून लाठी गळाली. “मंधात काऊन आल्या, बाई? तुमाले कोन मारून राह्यलं होतं?”

ज्या तोंडचं गाणं ऐकायला मंडई भरली होती तेच फुटलेलं पाहून लोक मागं सरकले. मग बायकांचा आक्रोश उठला.

इंदुताईंच्या घरी कंपाउंडरनं शकुबाईंचा जबडा फडक्यानं डोक्याभोवती करकचून बांधला. “जीव वाचला. गानं मात्र गेलं समजा,” तो बाहेर येऊन म्हणाला. लटारू बाजेशी बसून त्यांचे पाय चेपत होता.

“चटनी-खीर म्हणालो, बाई. जीभ झडो माझी.”

शकुबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दिवा लावून इंदुताईंनी वही उघडली आणि दुपारच्या नोंदीखाली लिहिलं: शकुबाईंसाठी तांदळाची पातळ पेज केली. मीठ संपलं होतं, शेजारून वाटीभर आणलं.