कडुलिंबाखालचे दगड

तेरजवळचं आमचं गाव आम्ही सोडलं, त्या सकाळी माझ्या सासूबाई फाट्यापर्यंत आल्या होत्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी माझ्या पिशवीत जवसाच्या चटणीची पुडी कोंबली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एस.टी. दिसताच म्हणाल्या, "दोन गमावलीस, सुमन. तितं जाऊन तिसरं तरी टिकव." एस.टी. सुटली तशी मी रडायला लागले. शेजारच्या बाईला वाटलं, गाव सुटलं म्हणून रडते आहे.

गाव सुटल्याचं दुःख नव्हतं असं नाही. हे गावच्या दूध सोसायटीत माप घेत असत. बहात्तरच्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या आणि सोसायटीला कुलूप लागलं. पुढं पाऊस आला, पण ते कुलूप काही निघालं नाही. यांच्या एका दोस्तानं भोसरीच्या कंपनीत चिकटवतो म्हणून सांगितलं आणि आम्ही निघालो. गावाकडच्या तुमच्यापैकी कितीतरी जण असेच निघालात. जे मागं राहिलात, त्यांना हे सांगायचं आहे, आणि जरा रागानंच सांगायचं आहे.

आमच्याकडं पाळी आली की बाई बाहेरच्या पडवीत बसायची. कावळा शिवला म्हणायचं. ती बसलेली दिसायची, म्हणून सगळ्या गल्लीला तिचा हिशेब तोंडपाठ. तीन महिने बसली नाही, की दिवस गेले हे गल्लीनंच ठरवून टाकायचं. जिचं पोट, तिला कोण विचारतं! माझंही तसंच ठरलं. घरातल्या बायकांनी बाहेर बोभाटा न करता खण-नारळानं माझी चोरओटी भरली. मला ना मळमळ, ना कसले डोहाळे, पण एवढ्या जणी सांगतात म्हटल्यावर मलाही खरंच वाटलं. महिनाभरानं अंगावरून असं जायला लागलं, की मी भिंत धरून खालीच बसले. आत्याबाईंनी ते कापड उचललं, परसातल्या कडुलिंबाखाली पुरलं, वर एक दगड ठेवून हळदकुंकू वाहिलं. बुंध्याभोवती आधीचे दगड होतेच, ते मला आळ्याचे वाटायचे. वर्षभरानं पुन्हा तेच झालं, पुन्हा एक दगड. मी त्या दोघांना मनातल्या मनात नावं दिली होती. ती मी यांनाही कधी सांगितली नाहीत.

मग दुष्काळ पडला. खडी फोडायला जायचं, सकाळी चालत, संध्याकाळी चालत, खायला परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकर आणि कामावर वाटायचे ती सुकडी. त्या काळात मी दर महिन्याला पडवीत बसू लागले. आत्याबाई कपाळावर हात मारायच्या. "आता तर काय ठरतबी न्हाय!" यांचं दुसरं लग्न करायची कुजबुज घरात सुरू झाली, ती तेव्हाच. हे काही बोलायचे नाहीत. ना हो, ना नाही. मला त्या गप्प बसण्याचाच जास्त राग यायचा.

भोसरीत एक खोली, एक स्टोव्ह, आणि यांची कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. नळ दाराशी, दुकान खाली. चालायचं म्हणून कुठं कामच उरलं नाही. चहा-पाव, चहा-खारी, दुपारी रेशनचा भात. मी अंगानं सुटले. हनुवटीवर केस यायला लागले, ते मी दार लावून चिमट्यानं उपटायची. मानेवर काळा पट्टा तर लग्नाआधीपासून होता. आत्याबाई तो मळ समजून डाळीच्या पिठानं घासायच्या, कातडं निघालं पण पट्टा गेला नाही. एकदा पाच महिने पाळी आली नाही. या वेळी ओटी भरायला कुणी नव्हतं, पण मी स्वतःच पोटावर हात ठेवून झोपू लागले. आणि मग एका सकाळी पुन्हा तेच. मला वाटलं, तिसरंही गेलं. आता मी गावी कुठल्या तोंडानं जाऊ?

शेजारणीनं ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मान बघितली, हनुवटी बघितली, किती काय काय विचारलं. मी म्हटलं, आधीची दोन गेली, हे तिसरं. त्यांनी मला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, "बाई, हे मूल नव्हतं. तुमच्या बीजकोशात बारीक गाठींसारखं झालंय, पॉलिसिस्टिक म्हणतात त्याला. बीज वेळेवर बाहेरच पडत नाही, म्हणून पाळी महिनेन् महिने थांबते. आतलं अस्तर साठत राहतं आणि एकदम जातं. आधीची दोनही बहुतेक अशीच."

मला ऐकू येईनासं झालं. रोग कळला म्हणून बायका सुटकेचा श्वास टाकतात म्हणे. मी बाकावर दगड होऊन बसले. ज्यांच्यासाठी मी मनातल्या मनात झबली शिवली, ती नव्हतीच? मग मी एवढी वर्षं कुणाला गमावल्याची शिक्षा भोगत होते? बाई काहीतरी विचारत होत्या, "कधी नियमित येत होती का?" मी म्हटलं, "दुष्काळात." आणि म्हणताना माझाच माझ्या कानांवर विश्वास बसेना.

त्या म्हणाल्या, "उपाशी राहायचं नाही हं. पण चालणं सुटलं, भाकरी सुटली, गोड वाढलं, हे तुमच्या दुखण्याला मानवत नाही." त्यांनी गोळ्याही दिल्या, पण बजावलं की हे दुखणं मुळातून जात नाही, ताब्यात ठेवावं लागतं. चहातली साखर गेली, पाव गेला. ज्वारीची भाकर, मेथी, मटकी, जवसाची चटणी आणि पहाटे शेजारणीबरोबर आळंदी रस्त्यानं तरातरा चालणं. ज्याला मी गावंढळ म्हणून दोन वर्षांत टाकून दिलं होतं, तेच मला औषध म्हणून लिहून मिळालं. हसावं की रडावं? वर्षभरात पाळी बरीचशी रुळावर आली. पुढं मुलगीही झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचे ठोके ऐकून मान डोलावली, तोवर मी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही.

मुलगी चालायला लागली, तेव्हा दिरांचा निरोप आला: कौसल्येला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, दिवस गेलेत, चोरओटीला या. आम्ही गेलो. कौसल्या वाकून माझ्या पाया पडली आणि तिच्या मानेवर मला काळा पट्टा दिसला. मी तिला बाजूला घेतलं. मळमळतं का विचारलं, तर म्हणाली, "न्हाय बाई. मला तर काईच व्हत न्हाय." तिच्या डोळ्यांत भीती होती. तीच, जी माझ्या डोळ्यांत असणार.

आत्याबाई परसात नारळाची शेंडी काढत होत्या. मी तिथंच सगळं सांगितलं. पाळी थांबली म्हणजे मूल नव्हे. हिला आधी तपासून आणू. आणि आत्याबाई, माझी ती दोन, ती बहुतेक लेकरं नव्हतीच.

वाटलं, आता भांडण होणार. पण त्या नारळ खाली ठेवून कडुलिंबाकडं बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मग माझी चार?"

मला कळायलाच वेळ लागला. ज्यांना मी आळ्याचे दगड समजत होते, ज्यांवर बसून मी वर्षानुवर्षं धान्य निवडलं होतं, ते त्यांचे होते. यांच्या जन्माआधीचे. त्यांच्या सासूनं ठेवलेले.  ही बाई माझ्यावर चिडत नव्हती, ही बाई स्वतःचं भोगलेलं माझ्या वाट्याला आलेलं बघत होती.

ओटी भरली नाही. कौसल्या आमच्याबरोबर भोसरीला निघाली. फाट्यावर आत्याबाईंनी तिची पिशवी एस.टी.त दिली आणि खिडकीशी येऊन मला म्हणाल्या, "हिला नीट बघून आण. आन् डाक्टरीनबाईला माझंबी इचार. पोटात दुखायचं लई, पन वकारी कवा आली न्हाय म्हनावं."

मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ते कुणीच सांगू शकणार नाही. कौसल्येला मात्र माझंच दुखणं निघालं. तीही आता गावात नदीपर्यंत रोज चालते आणि पडवीत बसत नाही.

मी पुढच्या खेपेला आत्याबाईंना उत्तर सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बघते तर माझे दोन दगड तिथं नव्हते. त्यांनी उचलून कुठं टाकले, ते मी विचारलं नाही. त्यांचे चार मात्र जागच्या जागी आहेत, आता धुतलेले, कुंकू वाहिलेले.

आपलं घर कुठलं, असं आता मुलगी विचारते. तिला भोसरी माहीत. मी गावी गेले की आधी परसात जाते. त्या दगडांवर आता बसत नाही. कुंकवाची डबी घेऊन वाकते, आणि आत्याबाई मागं उभ्या राहून बघतात.