कॅप न बसवलेली दाढ

रूट कॅनालसाठी मी पिंप्राळ्यातल्या दवाखान्यात चार सोमवार गेलो आणि चारही वेळा ते माझ्या आधी येऊन बसलेले होते. धुळ्याकडचे, सत्तरीचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारे एक आबा. नंबर आला की शेजारच्याला पुढे करायचे. "तुम्ही जा भाऊ, माले घाई नही शे. घर कोन शे वाट दखाले?"

त्यांच्या दाढेच्या तिन्ही नळ्या नीट भरून झाल्या होत्या. कॅप तेवढी राहिली होती. डॉक्टरबाई दर वेळी बजावायच्या, "आबा, कॅपशिवाय दाढ तडकेल. केलेलं सगळं वाया जाईल." ते हसून पुढचा सोमवार सांगायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "कॅप बसनी की आठे येवानं काय काम?"

चौथ्या सोमवारी माझी कॅप बसली. त्यांची दाढ मात्र आदल्या दिवशी भाकरी चावताना उभी चिरली होती. ती काढावी लागली. बाई म्हणाल्या, "जखम आपोआप भरेल, आबा. आता यायची गरज नाही."

दारात आम्ही दोघं एकदमच पोहोचलो. त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी हातानेच मला पुढे जायला सांगितलं.