गुरुवारची फुली

नथू मेंगाळ मुळातच भित्रा. कोणी पाण्याला भितं, कोणी भुताला. नथू सुरुंगाला भ्यायचा. आणि नशीब असं, की कामशेतच्या मागच्या डोंगरातल्या दगडखाणीवर त्याला कामही सुरुंगाचंच मिळालं. वात पेटवायला दुसरा माणूस होता. नथूनं शिट्टी मारायची, लाल बावटा धरायचा आणि खालच्या ठाकरवाडीला सुरुंगाचे वार कळवायचे, एवढंच.

वाडीत लिहिता येणारा तो एकटाच. देवळाच्या भिंतीवर त्यानं कोळशानं सोमवार ते रविवार अशा सात ओळी लिहिल्या होत्या. सोमवार आणि गुरुवारपुढं ठसठशीत फुली. फुलीच्या वारी डोंगराकडं कोणी फिरकायचं नाही. ज्यांना अक्षर कळत नव्हतं ते वरून ओळी मोजत. नथूची बायको चिंगीसुद्धा बोट लावून मोजायची. दर आठवड्याला तेच वार, त्यामुळं भिंतीला हात लावायची वेळच येत नसे. वाडीनं सरपण, गवत, बाजार सगळं त्या दोन फुल्यांवर बसवलं होतं.

एकसष्ट साली दसरा नेमका गुरुवारी आला. मुकादम दत्तोबा म्हणाला, "नथू, या खेपंला शुक्रवारी उडवू. सणाला मानसं कुटनं आणायची?"

नथूनं गुरुवारची फुली पुसली आणि शुक्रवारपुढं काढली. शुक्रवारी सुरुंग उडाला, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि गडी घरी येऊन निवांत जेवला. फुली त्या एका आठवड्यापुरतीच हलली होती, हे भिंतीला कोण सांगणार? ती परत जागेवर नथूनंच आणायची होती, आणि तो साफ विसरला.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्यानं शिट्टी मारली. वात पेटली. बावटा धरून त्यानं सवयीनं खालच्या पायवाटेकडं पाहिलं. डोक्यावर गवताचे भारे घेऊन चार बाया खाणीच्या अगदी खालून चालल्या होत्या. पुढं चिंगी. शिट्टी ऐकून तिनं मान वळवली आणि पुन्हा चालू लागली. आज फुली नव्हती, म्हणजे शिट्टी एखाद्या गुराख्याची असणार.

"आरं माघारी फीर, मरशील!" दत्तोबा ओरडला.

नथू कधीच उताराला लागला होता. सांगत बसायला वेळ नव्हता; त्यानं बायांना गाठून सरळ ढकललं, आणि सगळी भाऱ्यांसकट शेजारच्या ओघळीत कोसळली. तेवढ्यात डोंगर हादरला. दगड डोक्यावरून गेले आणि पायवाटेवर आदळले.

चिंगी धूळ झटकत उठली. "आवं, याड लागलं व्हय तुमास्नी? आज फुली न्हाई की!"

"फुली म्याच चुकवली," म्हणून नथू तिथंच बसून रडला.

वाडीनं त्याला बोल लावला नाही. त्यानं त्याच संध्याकाळी फुली जागेवर काढली, आणि लोक पुन्हा ओळी मोजू लागले. चिंगीनं मात्र भिंतीला परत बोट लावलं नाही. रोज सकाळी विळा घेऊन ती दारात उभी राहायची. "आज जाऊ न्हवं?" बुधवार असो की रविवार, नथूला 'जा' म्हणवत नसे.

पुढं खाण बंद पडली. खड्ड्यात पाणी साचलं, त्यात वाडीच्या म्हशी डुंबू लागल्या. तरी चिंगी विचारायची, "आज जाऊ न्हवं?"

"थांब," नथू म्हणायचा, "मी बी येतो."